शिखर नव्हे, शेपूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत म्युच्युअल फंडांच्या जोखमीवरच्या लेखात 'कर्टोसिस म्हणजे आलेखाचा शेंडा किती टोकदार' अशी चौकट होती. लेखकाला एकट्याला काय बोलू? मीही 26 वर्षं फळ्यावर तीन घंटा काढून हेच शिकवलं: एक उंच, एक मध्यम, एक बसकी. आम्ही मराठीत शब्दही 'शिखरता' असा घेतला, मग नजर शेंड्यावरच जाणार. खरं तर हा आकडा आलेखाच्या शेपटाबद्दल, म्हणजे सरासरीपासून फार दूर पडलेल्या आकड्यांबद्दल सांगतो.

कर्वेनगरहून शनिवार पेठेत बहिणीकडे स्कूटरवरून जायला किती मिनिटं लागली, ते मी वहीत टिपून ठेवतो (घरचे हसतात). सोयीसाठी आकडे जरा सारखे करून सांगतो. 99 खेपांना 20 ते 30 मिनिटं लागली, प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला नऊ-नऊ खेपा. आलेख स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा सपाट. त्याचं कर्टोसिस 1.78, घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाचं 3 असतं.

शंभरावी खेप जुलैतली. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल बंद, सगळ्या गाड्या उरलेल्या पुलांवर. डेक्कनला भिजत उभा राहिलो, एकूण 125 मिनिटं गेली. आता गणित पुन्हा केलं, तर कर्टोसिस 81! मधला ओटा होता तस्साच आहे, त्याला कुठेही शेंडा फुटलेला नाही.

कारण सरासरीपासूनचं अंतर इथे चौथ्या घातात जातं. नवी सरासरी 26. रोजच्या खेपा तिच्यापासून फार तर 6 मिनिटं दूर. त्या सगळ्या 99 खेपांच्या चौथ्या घातांची बेरीज 23,661. ती एकटी ओली खेप 99 मिनिटं दूर, आणि 99 चा चौथा घात 9 कोटी 60 लाखांच्या वर. मध्यभागी काय चाललंय याचा हिशेबात पत्ताच नाही, सगळा कारभार शेपटाचा.

हा शब्द कार्ल पिअर्सन यांनी 1905 मध्ये आणला. शेंड्याच्या समजुतीचं रीतसर श्राद्ध पीटर वेस्टफॉल यांनी 2014 मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये घातलं. मी ते वाचलं निवृत्तीनंतर! माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्या तीन घंटा खोडून टाका.

आणखी एक. चौकटीत प्रसामान्य वितरणाचा आकडा 3 दिलाय आणि खाली वाचकांना एक्सेलमधलं 'कर्ट' हे सूत्र वापरायला सांगितलंय. ते सूत्र 3 वजा करूनच उत्तर देतं, म्हणजे प्रसामान्य वितरणाचा आकडा तिथे 0. तिथे 3 आले म्हणून कुणी निर्धास्त झालं, तर पंचाईत.

शिवाय लेखातल्या तक्त्यात फंडांची तीनच वर्षं घेतली आहेत. माझी वही जूनअखेर भरली असती, तर मीही 1.78 हाच आकडा सांगत बसलो असतो.

– एक निवृत्त सांख्यिकी शिक्षक, कर्वेनगर, पुणे