‘सहव्याधी होत्या’ म्हणजे काय?

मा. संपादक,

साथीच्या बातमीच्या शेवटी एक ओळ हमखास असते : ‘मृतांना सहव्याधी होत्या, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’ २०२० पासून ती वाचते आहे. माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत, जोडीला मधुमेह. म्हणजे या ओळीतले ‘नागरिक’ आम्ही नव्हेच. ज्यांच्या मरणाने इतरांनी निर्धास्त व्हायचे, ती माणसे आमच्या घरात राहतात.

‘जपा हो, बाहेर पडू नका,’ असे सगळे मायेने सांगत. पण ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावेच लागते, दर वेळी चार तास. टाळेबंदीतही जावे लागले. एकदा बाकावर शेजारी एक गृहस्थ मास्क हनुवटीवर ओढून खोकत होते. मी विनंती केली, तर हसून म्हणाले, ‘मला काही होत नाही.’ खरेच असावे ते. ह्यांनी काही न बोलता तोंड भिंतीकडे फिरवले आणि नंबर येईपर्यंत तसेच बसून राहिले.

मास्क, लस हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे म्हणणाऱ्यांनी गोवराचे उदाहरण पाहावे. या लशीत क्षीण केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ती देता येत नाही. आसपासच्या १०० पैकी ९५ जणांनी ती घेतली असेल, तरच गोवर त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. त्या मुलाची ढाल दुसऱ्यांच्या दंडात असते.

आणि प्रश्न विषाणूपुरताही नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसे दगावली, बहुतेक पंचाहत्तरीपुढची. सुट्ट्यांचे दिवस, कित्येक म्हातारी माणसे घरात एकटी होती. उन्हाने मारले हे खरेच, पण दार वाजवून ‘पाणी प्यायलात का’ विचारायलाही कोणी नव्हते.

सगळा दोष माणसांच्या बेफिकिरीवर ढकलणेही मला पटत नाही. तापात घरी थांबा, असे रोजंदारीवरच्याला सांगणाऱ्याने त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीचेही बोलावे. ते काम सरकारचे आणि मालकांचे.

तुमच्याकडे मागणे लहान आहे. पुढच्या साथीत ती ओळ गाळा. तिच्या जागी ‘ताप-खोकला असेल तर आजाऱ्याला भेटायला जाऊ नका, दवाखान्यात मास्क लावा’ एवढे छापा. जागा जवळपास तेवढीच लागेल.

– एक वाचक