तुटक ठसा, मोठे भांडार आणि दुसऱ्या तज्ज्ञाची नजर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेत घरफोडी झाली की श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण केल्याचे आपल्या दैनिकात वाचायला मिळते आणि पुढे आरोपी सापडला तर संगणकाने ठसा जुळवल्याचेही छापून येते. माझी नोकरी अंगुलीमुद्रा विभागात झाली असल्याने, त्या जुळवणीत संगणकाचे काम कुठे संपते आणि माणसाची जबाबदारी कुठे सुरू होते, हे वाचकांपुढे आणि विशेषतः आपल्या जिल्ह्यातील वकीलवर्गापुढे यावे, असे मला मनापासून वाटते.

घटनास्थळी मिळणारा ठसा, ज्याला आमच्याकडे चान्स प्रिंट म्हणतात, क्वचितच पूर्ण असतो. खिडकीच्या काचेवर किंवा लोखंडी कपाटाच्या कडेवर भुकटी फिरवली की बहुतेक वेळा बोटाच्या एका बाजूचा तुकडाच उमटतो. त्यात मध्यभाग नसेल तर तो चक्राचा (गोल फिरणाऱ्या रेषांचा) की पाशाचा (वळून परत येणाऱ्या रेषांचा) हे ठरत नाही, आणि बोट कोणत्या हाताचे हेही खात्रीने सांगता येत नाही. १८९७ मध्ये कोलकात्यात अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झाले, तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीतून जी हेन्री पद्धत उभी राहिली, ती दहाही बोटांतील चक्रांच्या जागांवरून नोंदींचे १,०२४ गट पाडत असे. दहा बोटांची सर्च स्लिप, म्हणजे ठसे उमटवलेला कागद, हाती असेल तर त्या गटाचा नेमका कप्पा उघडता येई; एका बोटाच्या तुकड्यासाठी मात्र कोणता कप्पा उघडायचा, हेच कळत नसे.

संगणकाने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. ठशातील काही रेषा मध्येच संपतात, काही दुभंगतात. अशा तीन खुणा जोडल्या की एक त्रिकोण होतो, आणि त्याच्या बाजूंची लांबी तसेच प्रत्येक खुणेपाशी रेषेने बाजूशी केलेला कोन, ठसा कसाही फिरवला तरी तोच राहतो. म्हणून भांडारातील, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेल्या, सर्व ठशांचे त्रिकोण आधीच मोजून त्यांची सूची करून ठेवता येते. तुटक ठसा आला की त्याचे त्रिकोण या सूचीत शोधायचे, ज्या नोंदींशी सर्वाधिक त्रिकोण सुसंगतपणे बसतात तेवढ्याच बाजूला काढायच्या आणि बारकाईची तुलना फक्त त्यांच्याशी करायची. आजच्या प्रणालींत याहून प्रगत रीती आहेत, पण आधी झपाट्याने गाळणे आणि मग सावकाश ताडणे हा क्रम तोच आहे. कातडी दाबाने ताणली जात असल्याने मोजमापात थोडी सवलत ठेवावी लागते. ती कमी ठेवली तर खरा माणूस निसटतो, जास्त ठेवली तर परकी बोटे आत येतात.

म्हणूनच संगणक शेवटी एक नाव देत नाही, तर गुणानुक्रमे लावलेली यादी देतो. समजा, एखाद्या तुटक ठशाशी परक्या बोटाचे फसवे साम्य दिसण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. एक कोटी व्यक्तींच्या भांडारात दहा कोटी बोटे असतील, आणि त्यांत अशी शंभर परकी बोटे निघू शकतील. आपल्या राज्यात ‘अँबिस’ ही ठसे जुळवणारी संगणक प्रणाली आहे, १७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘नॅफिस’ या तशाच राष्ट्रीय प्रणालीचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने अशा नोंदी ७५ वर्षे जपण्याची तरतूद केली. हे सर्व तपासाच्या दृष्टीने अत्यंत स्वागतार्ह आहे. मात्र भांडार जितके वाढेल, तितके हुबेहूब भासणारे परके ठसेही वाढतील.

२००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांच्या तपासात नेमके हेच घडले. डिटोनेटरच्या (स्फोट घडवणाऱ्या साधनांच्या) पिशवीवरील ठशासाठी एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेच्या संगणकाने वीस उमेदवारांची यादी दिली. त्यात चौथ्या क्रमांकावर असलेल्या, अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या एका वकिलाला तज्ज्ञांनी निश्चित ओळखले, पडताळणी करणाऱ्यांनी दुजोरा दिला आणि त्याला दोन आठवडे अटकेत काढावे लागले. तो ठसा एका अल्जेरियन व्यक्तीचा असल्याचे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली. नंतरच्या चौकशीत आढळले की वकिलाचा ठसा समोर ठेवल्यावर त्यातल्या खुणा अस्पष्ट ठशातही ‘दिसू’ लागल्या होत्या, आणि पडताळणाऱ्यांना पहिल्या तज्ज्ञाचा निष्कर्ष आधीच ठाऊक होता.

यावरचा उपाय खर्चिक नाही. तज्ज्ञाने उमेदवारांची यादी उघडण्यापूर्वीच चान्स प्रिंटवरील खुणा नोंदवून त्यावर सही करावी. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचे मत न सांगता ठसे द्यावेत. न्यायालयात जाणाऱ्या अभिप्रायात, संबंधित व्यक्ती यादीत कितव्या क्रमांकावर होती आणि तिच्या आगेमागे असलेल्यांना कोणत्या कारणाने वगळले, हे लिहिलेले असावे.

एक गोष्ट पोलीस ठाण्याच्या पातळीवरची. ऊसतोड करणाऱ्या माणसाची बोटे कोयत्याने आणि पाचटाने इतकी घासलेली असतात की रेशन दुकानातील यंत्रही ती ओळखत नाही. अशा बोटांवर शाई जाड लागली तर रेषांमधल्या खाचा बुजतात आणि नोंद निरुपयोगी होते. बोट स्वच्छ पुसून, पातळ शाईवर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायला दोन मिनिटे जास्त लागतात. स्कॅनर असला तरी ही काळजी टळत नाही. या कामासाठी प्रत्येक ठाण्यात किमान दोन प्रशिक्षित अंमलदार नेमावेत आणि त्यांची वारंवार बदली करू नये, अशी माझी जिल्हा पोलीस प्रशासनाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अंगुलीमुद्रा तज्ज्ञ,
विश्रामबाग, सांगली