पाखाडीवरच्या माणसांना रस्त्यापर्यंत आणूया : ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई, ठाणे, पुणे इथे असलेले आपले चाकरमानी बंधू-भगिनी यांना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

आपल्या खाडीपट्ट्यात माणूस वर्षभर कशावर तरी चढलेला असतो. मार्चपासून मे संपेपर्यंत हापूसच्या कलमांवर, पावसाच्या तोंडावर घर शाकारायला कौलांवर, आणि नारळ-सुपारीसाठी माडा-पोफळींवर तर बाराही महिने. चढणाऱ्यांपैकी एखादा पडतो. हात किंवा पाय मोडला तर प्लास्टर उतरल्यावर तो पुन्हा कामाला लागतो. पण पाठीचा कणा मोडून आतला मज्जारज्जू दुखावला, तर दुखापतीच्या खालचे सगळे शरीर एका क्षणात परके होते. पाय हलत नाहीत, कातडीला काही कळत नाही, लघवी-शौचावरचा ताबा जातो. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर तो पुन्हा जोडणारे औषध आज जगात कुठेही नाही. म्हणून आधी एक विनवणी. कोणी तेलाने, काढ्याने किंवा मंतरलेल्या दोऱ्याने उभा करतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. त्या पैशांत काय काय होऊ शकते ते पुढे वाचा.

आज आपल्या वाड्यांत कमरेखाली लुळी पडलेली सात माणसे आहेत, पाच पुरुष आणि दोन स्त्रिया. त्यांची नावे इथे लिहीत नाही, गावाला ती ठाऊक आहेत. वयाने सगळी कर्ती. ऑपरेशन झाले, घरी आणले, माजघरात खाट टाकली, आणि तिथेच वर्षे गेली. घरच्यांनी कसूर केली नाही. जमिनी गहाण ठेवून उपचार केलेली घरे यात आहेत. पण ऑपरेशननंतर घरी कसे जगायचे हे त्यांना कोणी शिकवले नाही, आणि शिकवले असते तरी त्यासाठी लागणाऱ्या वस्तू घरात नव्हत्या. यंदा मंडळाने हेच काम हाती घ्यायचे ठरवले आहे.

पाठीच्या दुखापतीने माणूस सहसा दगावत नाही. त्याचा जीव जातो तो नंतर, शय्याव्रणाने आणि मूत्रपिंडे निकामी होऊन. एका जागी पडून राहिले की माकडहाड, कंबरेची हाडे आणि टाचा यांच्यावरची कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो. आपल्याला रग लागते म्हणून झोपेतही आपण कूस बदलतो. त्याला रग कळत नाही. आधी लाल डाग दिसतो, बोट दाबूनही जात नाही. त्याच वेळी त्या जागेवरचा भार काढला तर डाग बरा होतो. दुर्लक्ष झाले तर आत हाडापर्यंत खड्डा पडतो, तो भरायला महिने लागतात, आणि जंतू रक्तात गेले तर माणूस हाती लागत नाही. यावरचा उपाय महाग नाही. खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन ढुंगण उचलणे, आणि रोज रात्री आरसा धरून स्वतःची पाठ स्वतः पाहणे. त्याला जोड म्हणून हवेची गादी, आणि खुर्चीवर चांगली उशी. हवेची साधी गादी तीन-चार हजारांत येते. व्रण चिघळला की तितके पैसे काही दिवसांच्या मलमपट्टीत आणि औषधांत जातात.

लघवीचे दुखणे लोक बोलत नाहीत, म्हणून ते सर्वांत जास्त छळते. बहुतेक घरांत कायमची नळी आणि पिशवी लावलेली आहे. नळीत खर साचते, ती तुंबते, ताप येतो, तालुक्याच्या दवाखान्यात धावपळ होते, आणि हेच चक्र दर काही आठवड्यांनी. यावर पन्नास वर्षांहून जुना मार्ग आहे. १९७२ साली अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिले की रुग्णाने हात स्वच्छ धुऊन दिवसातून ठरावीक वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे केले आणि नळी लगेच काढून घेतली, तर कायम नळी ठेवण्यापेक्षा ते सुरक्षित राहते. ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक खोली लागत नाही. साबण, पाणी, साधी नळी आणि दर चार ते सहा तासांची शिस्त पुरते. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर हे शिकायचे असते. ज्याचे हात चांगले आहेत असा माणूस थोड्या दिवसांत शिकतो. शौचाचेही तसेच, रोज एकाच ठरलेल्या वेळी बसायची सवय लावली की बाहेर पडल्यावर फजिती होईल ही धास्ती जाते. ही धास्ती गेल्याशिवाय माणूस लग्नाकार्याला, देवळात, ग्रामसभेला येत नाही. आपण समजतो तो खचलाय. पुष्कळदा तो फक्त घाबरलेला असतो.

स्त्रियांना हे शिकणे अधिक अवघड जाते, आणि ते शिकवायला बाईमाणूसच हवे. आपल्या आशाताई तयार आहेत, पण त्यांनाही आधी शिकावे लागेल. गावच्या ज्या लेकी-सुना मुंबईच्या रुग्णालयांत परिचारिका आहेत किंवा होत्या, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. गणपतीच्या सुट्टीतला एक दिवस आम्हाला द्या. पैशांपेक्षा त्या एका दिवसाची गरज मोठी आहे.

आता पाखाडीचा प्रश्न. आपली घरे डोंगराच्या उतरणीवर, जांभ्या चिऱ्याच्या उंच जोत्यावर, आणि रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी. चाकाची खुर्ची आणली तरी ती जाणार कुठे? दवाखान्यात न्यायचे तर चार गडी गोळा करून डोली करावी लागते, आणि दर वेळी चार गडी मागायला माणसाला लाज वाटते. उताराचे गणित असे आहे की एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, तरच खुर्चीतला माणूस स्वतःच्या हाताने चाके ढकलत वर येऊ शकतो. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फुटांचा उतार. प्रत्येक खळ्यात एवढी सरळ जागा नाही, तिथे मध्ये वळण घ्यावे लागेल. चिरा आपल्याकडे आहे, गवंडी आपल्याकडे आहेत. सातपैकी चार घरांना उतार करता येतो असे आपल्या गवंड्यांनी जागा पाहून सांगितले आहे. दोन घरांना पाखाडीच्या कडेने नवी वाट काढावी लागेल आणि त्यासाठी शेजाऱ्यांची हद्द ओलांडावी लागेल. भाऊबंदकीचे जुने वाद असतील तर ते यंदा बाजूला ठेवावेत, एवढेच मंडळ म्हणते. उरलेले एक घर फार वर आहे. त्या कुटुंबासाठी रस्त्यालगत कोणी वापरात नसलेली खोली काही वर्षांसाठी देऊ शकेल का? मुंबईला राहणाऱ्या ज्यांची घरे गणपती आणि शिमगा सोडून बंद असतात, त्यांनी याचा विचार करावा.

घराच्या आतही कामे आहेत. जुन्या दारांची चौकट अरुंद, खुर्ची अडते. न्हाणीघर मागच्या दारी चार पायऱ्या खाली. बसून आंघोळ करायला चाकांची कमोड खुर्ची मिळाली तर बायकोला किंवा म्हाताऱ्या आईला साठ किलोचा माणूस उचलावा लागणार नाही. आज तो त्या उचलताहेत. सातही घरांत सांभाळणाऱ्या बाईची कंबर गेलेली आहे. खाटेवरून खुर्चीत सरकायला एक गुळगुळीत फळी पुरते, आपले सुतार ती करून देतील.

हे सगळे केल्याने काय होणार, असे विचारणारे कोणी असतील तर त्यांच्यासाठी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय सोळाव्या वर्षी गेले. त्यांनी नोकरी केली, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि पुढे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ सुरू झाली, जिथे दिव्यांग माणसे काजूवर प्रक्रिया करून कमावतात. त्यांना सलाम आहेच. पण आपल्या सात जणांनी पदके आणावीत अशी मंडळाची अपेक्षा नाही. सकाळी स्वतः उठून, आंघोळ उरकून, खुर्चीत बसून पडवीत यावे, हाताला काम असावे, स्वतःच्या पैशाने नातवाला खाऊ घ्यावा, एवढे पुष्कळ आहे. काजू सोलणे, आमसुले निवडून पाकिटे भरणे, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, ऑनलाइन अर्ज भरून देणे, ही बसून होणारी कामे आपल्याकडे आहेत. सातातल्या एकाने तर दुखापतीआधी बागायतदारांचे हिशेब लिहिले आहेत. त्याला कागद नेऊन द्या, तो आजही लिहील.

सरकारकडून जे मिळते ते आपण सोडणार नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, केंद्राच्या योजनेतून मिळणारी साधने, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी, या प्रत्येक ठिकाणी अर्ज करायची जबाबदारी मंडळाच्या तरुणांनी घेतली आहे. पण अर्जांना वेळ लागतो आणि मिळणारी खुर्ची बऱ्याचदा एकाच मापाची असते. मापाची नसलेली खुर्ची पाठ वाकडी करते आणि नवा व्रण देते. म्हणून पाठीची, मांडीची, पायाची मापे घेऊनच खुर्ची घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. त्याला जास्त पैसे लागतील.

या कामासाठी यंदा सहा लाख रुपये जमवायचे आहेत. त्यातला मोठा वाटा मापाच्या खुर्च्या, उशा आणि चिऱ्याच्या उतारांसाठी लागेल. काही रक्कम वर्षभराच्या नळ्या आणि मलमपट्टीसाठी राखून ठेवायची आहे, कारण हा खर्च कधी संपत नाही आणि तोच घर पोखरतो. एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने एका घराचा महिन्याचा खर्च वर्षभर उचलला तर ते आम्हाला एकरकमी देणगीपेक्षाही सोयीचे पडेल. देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या बँक खात्यातच द्यावी. रोख दिल्यास छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नये, मागणारा ओळखीचा असला तरी. आलेल्या आणि खर्च झालेल्या पै-पैचा हिशेब माघी गणपतीच्या सभेत वाचला जाईल आणि देवळाच्या फळ्यावर लागेल.

पैसे नसतील तर वस्तू द्या. मुंबईच्या कितीतरी खोल्यांत आई-वडिलांच्या आजारपणात आणलेल्या वॉकर, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या, काठ्या माळ्यावर पडून आहेत. त्या गावी पाठवा. मंडळ त्यांची साहित्यपेढी करणार आहे. ज्याला लागेल त्याने न्यावे, काम झाले की धुऊन परत आणावे. ही पेढी फक्त त्या सातांची नाही. अर्धांगवायू झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, म्हातारपणाने थकलेले कोणीही तिथे यावे. बागांत राखणीला येणारे नेपाळी गडीही आपल्याच गावात पडतात आणि आपल्याच आंब्यासाठी पडतात, त्यांनाही तेवढाच हक्क राहील. गाद्यांचे पंप चालतात का ते पाठवण्याआधी पाहावे. फाटलेली रेक्झिन आपण बदलून घेऊ, पण मोडलेली चाके कृपया नकोत.

आणि आणखी माणसे या यादीत येऊ नयेत म्हणून हंगामाआधी प्रत्येक वाडीत एक तास मागतो आहोत. झाडावरून पडलेल्याला हातापायांना धरून उचलू नये. त्याला पाणी पाजून बसवण्याचा प्रयत्न करू नये. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून एकदम कुशीवर वळवावे, खाली दाराची फळी सरकवावी, मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले कपडे लावून ती हलू देऊ नये, आणि १०८ला फोन करावा. अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू चुकीच्या उचलण्याने पूर्ण तुटू शकतो. हे करून दाखवायला डॉक्टर येणार आहेत. बागायतदारांनी आपल्या गड्यांना त्या दिवशी अर्धा दिवस पगारी सुट्टी द्यावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेला नूतन झेला लांब काठीला लावून आंबा देठासकट खालून उतरवता येतो. शेंड्याच्या चार आंब्यांसाठी ओल्या फांदीवर माणूस चढवू नका.

मुंबई शाखेची बैठक नेहमीप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, गावची सभा गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता देवळात. त्या सभेला सातपैकी ज्यांना यायचे आहे त्यांना आणायला वाडीवाडीतून दोन-दोन तरुणांनी नावे द्यावीत. सभेत आधी त्यांना बोलू द्यायचे आहे, काय हवे ते त्यांनीच सांगावे. वस्तू आणणाऱ्यांनी त्या आदल्या संध्याकाळपर्यंत शाळेच्या पडवीत पोहोचवाव्यात, त्यावर देणाऱ्याचे नाव आणि वाडी लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

आपले,
अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणी सदस्य
ग्रामविकास मंडळ (गाव शाखा आणि मुंबई शाखा)