प्रत्येक ओकणारे बाळ फक्त कुपोषित नसते

महोदय,

बाळ दूध ओकत असूनही त्याचे वजन वाढत असेल तर चिंता नको. पण मेळघाट-गडचिरोलीत वजन घटणाऱ्या, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणाऱ्या बाळाला केवळ कुपोषित समजू नये, ही कळकळीची विनंती. कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) पाजून एक्स-रे काढावा. क्वचित जठर जन्मतःच नळीएवढे असते; हा मायक्रोगॅस्ट्रिया.

यात ओकणे थांबवण्यासाठीची नेहमीची फंडोप्लिकेशन शस्त्रक्रिया सहसा जमत नाही. अन्ननलिकेभोवती गुंडाळायला जठराचा वरचा फुगीर भागच पुरेसा नसतो. ओढूनताणून गुंडाळला तर उरलीसुरली जागाही जाते. म्हणून आधी लहान आतड्यात नळी घालून पंपाने सावकाश दूध द्यायचे. एकदम दिले की पोट फुगते, जुलाब लागतात. बाळ सावरले की लहान आतडे दुमडून पिशवी शिवतात व जठराला जोडतात. हा हंट-लॉरेन्स पाऊच. पित्त वर येऊ नये म्हणून त्याचा प्रवाह बराच खाली जोडतात. पुढे लोह, बी-१२ तपासत राहावे.

अशा बाळांत प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणारा पोटातला अवयवही नसू शकतो. सोनोग्राफीत ती शोधा. नसेल तर न्यूमोकोकल लस आणि पेनिसिलिन टाळू नका.

उलटी हिरवी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता १०८ बोलवा आणि बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठा.

— बालशल्य विभागातील डॉक्टर, विदर्भ