रेसबुक उघडण्याआधी

नांदेड,
शुक्रवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

रविवारी भाच्यासोबत पुण्याच्या रेसकोर्सवर चाललायस आणि आठच्या आठ रेसमधले घोडे सांग म्हणायलास. घोडे सांगणार नाही, कार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या रेसचं रेसबुक, कसं वाचायचं ते सांगतो. हैदराबादच्या मलकपेट रेसकोर्सवर वर्गवारीचे आकडे थोडे वेगळे असतात, हिशेब तोच.

आधी रेस खोडायला शीक, घोडे नंतर. आठपैकी पाच तरी सरळ खोडून टाक. ज्या रेसमध्ये निम्मे घोडे पहिल्यांदाच पळणार आहेत ती सोड. तिथं छापलेलं काहीच नसतं, घराणं आणि अफवा एवढ्यावर पैसे लागतात. सगळ्यात खालच्या वर्गाची चौदा-पंधरा घोड्यांची रेस सोड, कारण तिथले घोडे एकदा पळतात नि चारदा झोपतात. आणि ज्या रेसमध्ये फेव्हरिटचा, म्हणजे सगळ्यांत जास्त पैसे लागलेल्या घोड्याचा, भाव रुपयाच्या खाली आहे तीही सोड. 2023 च्या 1 ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 2025 च्या 22 सप्टेंबरपासून तो 40 टक्के झाला. रुपयाला साठ पैसे सुटणार आणि त्यातले चाळीस करात गेले, तर घोडा जिंकूनही तुझ्या हाती काय येणार? सुप्रीम कोर्टानं 1996 साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे म्हटलं खरं, पण कौशल्य वापरायचं तर ते वापरण्याजोगी रेस तरी हवी.

उरल्या तीन. आता वजन बघ, म्हणजे घोड्यानं पाठीवर घेऊन पळायचं वजन. नवखा माणूस इथंच घसरतो. प्रत्येक घोड्याला क्लबचा हँडिकॅपर, म्हणजे वजन ठरवणारा माणूस, कुवतीचा आकडा म्हणजे रेटिंग देतो आणि आपल्याकडं रेटिंगचा एक आकडा म्हणजे अर्धा किलो. क्लास चार म्हणजे रेटिंग 20 ते 46, क्लास तीन म्हणजे 40 ते 66. चौथ्या वर्गात वरच्या घोड्याला 62 किलो धरलं, तर 20 रेटिंगवाल्याला 49 येतात. 40 ते 46 हा पट्टा दोन्ही वर्गांत बसतो, तिथं पेन्सिलीनं खूण कर. 46 रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात पळवला तर 62 किलो उचलतो. तोच तिसऱ्या वर्गात, वर 66 चा घोडा 62 घेऊन असेल तर, 52 किलोवर पळतो. दहा किलोचा फरक! ट्रेनरनं हलकं वजन सोडून मुद्दाम खालचा वर्ग घेतला, तर त्याला समोरची मंडळी आपल्यापेक्षा कच्ची वाटतात. हलकं वजन घेऊन वर चढवला, तर बघायचं की हा घोडा पूर्वी त्या वर्गात कधी पहिल्या चारात आलाय का. आलाच नसेल तर हलक्या वजनाचा मोह नको.

दोन घोडे आधी एकमेकांविरुद्ध पळालेले असले की फार बरं. समज, मागच्या 1400 मीटरला ‘क’नं 52 किलोवर ‘ख’ला हरवलं, ‘ख’वर 57 होते, अंतर दोन लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी). जिंकला म्हणून ‘क’चं रेटिंग आठानं वाढलं, म्हणजे चार किलो. ‘ख’ होता तिथंच. ढोबळ हिशेब असा धर: 1000 मीटरला साधारण सव्वा ते दीड किलोला एक लेंग्थ, 1400-1600 ला किलोभरानं, आणि 2400 ला अर्ध्या-पाऊण किलोतच. म्हणजे चार किलोनं ‘क’ चार लेंग्थ मागं येतो, कागदावर ‘ख’ दोन लेंग्थ पुढं. पण तेवढ्यावर पाकीट काढू नकोस. क्लब रेसचे व्हिडिओ टाकतात, ती रेस शेवटच्या 300 मीटरची बघ. ‘क’च्या जॉकीनं शेवटी हात सैल सोडले होते का? तसं असेल तर ते दोन लेंग्थ खरे नव्हेत, पाच धर. आणि ‘ख’ कुणाच्या मागं कोंडला गेला असेल, तर उलटा हिशेब.

फॉर्मचे आकडे, म्हणजे घोड्याच्या नावाजवळची मागच्या रेसमधल्या नंबरांची ओळ, एकट्यानं काही बोलत नाहीत. पाचवा नंबर सहा लेंग्थनं की पाऊण लेंग्थनं, कोणत्या अंतरावर, कशा मैदानावर, हे बघ. 1200 मीटरला शेवटी जोर धरून पाचवा आलेला घोडा 1600 ला लावला असेल तर मला तो आवडतो. 1600 ला पुढं पळून शेवटी दमलेला 1200 वर आणला असेल, तर तोही. पण पुढं पळणारे किती आहेत ते मोज. एकच असेल तर तो आपल्या चालीनं रेस नेतो आणि मागून कुणी पोचत नाही. तीन असतील तर ते एकमेकांची हवा काढतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं.

पावसाळ्यातलं पुणं, म्हणून मैदानाचं वेगळं सांगतो. सकाळी पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो. आकडा लहान तर जमीन टणक, वाढत गेला तर मऊ, भिजलेली. रात्रभर पाऊस झाला असेल तर शनिवारी काढलेली निवड रविवारी पुन्हा चाळ, आणि भिजलेल्या मैदानावर आधी पळून दाखवलेला घोडा वर घे. फॉल्स रेलची ओळही वाच. आतली गवताची पट्टी झिजू नये म्हणून कठडा काही मीटर बाहेर सरकवतात. वाट अरुंद होते, मागच्या घोड्याला फट मिळत नाही. अशा दिवशी छोट्या अंतराला आतला ड्रॉ (सुटताना आतल्या कठड्याजवळची जागा) आणि चपळ सुटणारा घोडा, हे माप मी जास्त मोठं धरतो.

सकाळच्या कामाचे आकडे पेपरात येतात: ‘600 मीटर 39 सेकंद, मोकळा धावला’. लोक सेकंदावर भाळतात. पण वर कोण बसलं होतं ते बघ. नावापुढं आरबी असेल तर रायडिंग बॉय, म्हणजे तबेल्यातला पोरगा. रेसचा जॉकी स्वतः बसला असेल तर त्या कामाला अर्थ जास्त. बाहेरच्या वाळूच्या ट्रॅकवरचा वेळ आतल्या ट्रॅकच्या वेळेशी लावू नये. आणि 38 ओढूनताणून काढलेले असतील, तर सहज काढलेले 40 बरे. नालांचा रकानाही असतो. पोलादी नाल काढून ॲल्युमिनिअमचे हलके मारले की ‘आज पळवणार’ असं जुने पंटर, म्हणजे पैसे लावणारे, म्हणतात. मी त्याला चवीपुरतंच धरतो. ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूच्या झापडा) पहिल्यांदा लावलेत का, याला मात्र किंमत दे. इकडंतिकडं बघणारा घोडा त्यानं एकदम सरळ पळतो.

एकाच ट्रेनरचे दोन-तीन घोडे एका रेसमध्ये असणं आपल्याकडं नेहमीचंच. तबेल्याचा पहिला जॉकी कशावर बसलाय ते बघायचं, पण दुसऱ्याला भाव भरपूर असेल तर त्याला खोडू नकोस.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, मात्र तुझा माळेगावचा डोळा विसर. खंडोबाच्या यात्रेत आपण भोवरे, देवमण, पंचकल्याणी, रंग सगळं बघतो; इथं त्यातलं काही चालत नाही. बघायची ती चाल: मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या पुढं पडला पाहिजे, पाठ सैल, मान खाली, कान जागे. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस आणि दोन माणसांना आवरेना असा घोडा म्हणजे अर्धी रेस तिथंच पळून झाली. उन्हात मानेवर नुसता घाम असेल तर घाबरू नको.

पैसे लावताना विन (घोडा पहिला येणं) आणि प्लेस (पहिल्या काही नंबरांत येणं) एवढ्यातच राहा. एसएचपी म्हणजे बरोबर दुसराच येणारा घोडा, तनाला म्हणजे पहिले तीन क्रमानं. हे ऐकायला गोड आहे. भाचा जॉकपॉटचा, म्हणजे पाच रेसचे विजेते सांगायच्या पैजेचा, हट्ट धरील. त्याला कागदावर मांडून दाखव: पाच रेसमध्ये दोन-दोन घोडे घेतले तर 32 तिकिटं, तीन-तीन घेतले तर 243. एका रेसमध्ये एकच पक्का घोडा धरून बाकी चारांत दोन-दोन, म्हणजे 16, एवढंच परवडतं. तो एक पक्का नसेल तर जॉकपॉट लावूच नका. एका तिकिटावर दहा हजारांच्या वर जिंकलात तर 30 टक्के टीडीएस कापूनच हातात देतात, तेव्हा खिडकीवर वाद घालू नकोस.

घरून नेलेली रक्कम तीन रेसमध्ये सारखी वाट. पहिली हरली म्हणून दुसरीत दुप्पट करायची नाही. रेसच्या आधी घोडा मागं घेतल्याची घोषणा होते, ती ऐकून पुढं पळणारे पुन्हा मोज. एकटा पुढारी निघून गेला तर सगळी रेस बदलते.

कार्ड शनिवारी मिळालं की तुझ्या तीन रेसचे फोटो पाठव, कोणते घोडे खोडलेस आणि का, ते शेजारी लिहून. हिवाळ्यात मलकपेटला जमवू, देवगिरी एक्सप्रेसनं निघू.

तुझा,
व्यंकट