शोधनिबंधाची संदर्भसूची कोणी उघडून पाहते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी.च्या प्रबंधांचा दर्जा हा विषय निघाला की चर्चा वाङ्मयचौर्यापाशी येऊन थांबते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच आहे, कारण एकाच लेखाचा संदर्भ दहा जणांनी दिला तर तो दहाही ठिकाणी सारखाच दिसणार. मात्र याचा परिणाम असा झाला आहे की प्रबंधाची शेवटची वीस-पंचवीस पाने यंत्रही वाचत नाही आणि माणूसही वाचत नाही. सांगलीतील एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे ग्रंथपाल होतो आणि त्यातला बराच काळ संशोधक विद्यार्थ्यांच्या याच पानांवर गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हळदीच्या कंदकुजीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगतो. तिच्या शोधनिबंधात ६४ संदर्भ होते. पहिल्या नियतकालिकाला संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे हवे होते. त्यांनी ‘विषय आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून निबंध परत पाठवला. दुसऱ्याला आडनाव आणि वर्ष, वर्णानुक्रमे यादी आणि नियतकालिकांची पूर्ण नावे हवी होती. तीन रात्री जागून तिने सगळे हाताने बदलले. तिथूनही नकार आला आणि तिसऱ्या ठिकाणी पुन्हा आकडे आले. परीक्षकांच्या सूचनेवरून चौदाव्या जागी एक नवा संदर्भ घातला तेव्हा यादीतले पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले, पण मजकुराच्या उत्तरार्धातले आकडे जुनेच राहिले. कंदकुजीच्या बुरशीविषयीच्या वाक्याला कपाशीच्या बोंडअळीवरचा लेख चिकटला. परीक्षकांनी ‘हा संदर्भ येथे कसा?’ असे विचारले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. चूक तिचीच होती, हे ती मान्य करते. पण जे काम संगणक क्षणात करतो ते तिला हाताने करावे लागले, कारण ते संगणकाकडून कसे करून घ्यायचे हे तिला पाच वर्षांत कोणी दाखवलेच नव्हते.

संशोधकांचा हा त्रास संपादकांना फार पूर्वीच उमगला होता. जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले आणि हस्तलिखितासाठी एकच समान पद्धत त्यांनी ठरवली, म्हणजे एका ठिकाणाहून परत आलेला लेख दुसरीकडे पाठवताना संदर्भ नव्याने मांडावे लागू नयेत. आज ज्याला ‘व्हँकुव्हर पद्धत’ म्हणतात तिचा उगम तो. एकसारखेपणा हा तिथे लेखकाची सोय करण्यासाठी होता, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. आता एल्सेव्हियरसारख्या मोठ्या प्रकाशकाची अनेक नियतकालिके पहिल्यांदा लेख पाठवताना संदर्भ कोणत्याही पद्धतीत चालतील, फक्त ते सर्वत्र एकसारखे आणि पूर्ण असावेत, असे सांगतात आणि अंतिम मांडणी लेख स्वीकारल्यावर स्वतः करतात. आपल्याकडील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शोधपत्रिकांनी हे का करू नये? खंडाचा आकडा ठळक नाही किंवा वर्षानंतर अर्धविरामाऐवजी स्वल्पविराम आहे एवढ्यावरून आतला मजकूर न वाचताच निबंध परत पाठवणे हा संशोधनावर अन्याय आहे.

विरामचिन्हांत असा वेळ गेला की मूळ लेख उघडून पाहायला वेळ उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील दोन संशोधकांनी भौतिकशास्त्रातील एका गाजलेल्या निबंधाचे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले सुमारे ४,३०० संदर्भ तपासले होते. त्यांतल्या १९६ ठिकाणी छापील चुका होत्या आणि पृष्ठक्रमांकाची एकच चूक तब्बल ७८ वेळा जशीच्या तशी उतरली होती. एवढ्या जणांचा हात नेमका त्याच आकड्यावर घसरेल, हे शक्य नाही. त्यांनी दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलला होता. मूळ लेख खरोखर वाचणारे जेमतेम वीस टक्के असावेत, असा या दोन संशोधकांचा २००३ मधला अंदाज होता. त्याहून वाईट गोष्ट अशी की एका प्रकाशकाने नमुना म्हणून छापलेला, प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नसलेला एक संदर्भ शेकडो शोधनिबंधांच्या यादीत जाऊन बसला आहे. आता चॅटजीपीटीसारखी साधने नाव, वर्ष, खंड, पृष्ठे सगळे जागच्या जागी असलेला बनावट संदर्भ क्षणात तयार करून देतात. अशा संदर्भाची मांडणी निर्दोष असते, म्हणून केवळ मांडणी पाहणाऱ्या परीक्षकाला तो कधीच सापडणार नाही.

मांडणीसाठी झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारे संगणकीय साधन २००६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. लेखाचा १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, त्यात टाकला की बहुतेक तपशील आपोआप येतो आणि पद्धत बदलायची झाली तर ती यादीतून निवडली की मजकुरातले आकडे आणि शेवटची सूची दोन्ही एकदम बदलतात. आपण दिलेला लेख नंतर मागे घेतला गेला असेल तर तशी सूचनाही ते देते. पण आलेला तपशील डोळ्यांखालून घालावाच लागतो. कधी शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत येते, कधी वनस्पतीच्या शास्त्रीय नावाची तिरपी अक्षरे सरळ होतात, कधी लेखकाचे आडनाव आणि नाव यांची अदलाबदल होते. आपल्या नावांचा गोंधळ तर मोठाच आहे. ‘कुलकर्णी एस’ या नावाखाली किती माणसे सापडतील याची कल्पना करावी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते, ते वेगळेच. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक २०१२ पासून याचसाठी आहे आणि तो काढायला पैसे पडत नाहीत. पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच प्रत्येकीने तो काढावा, असा माझा आग्रह असतो.

मराठी साधनांचा संदर्भ इंग्रजी नियतकालिकात देताना विद्यार्थी अडखळतात आणि शेवटी तो गाळूनच टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. वैद्यकीय नियतकालिकांच्या पद्धतीत त्याची सोय आहे. शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद चौकटी कंसात द्यावा आणि नोंदीच्या शेवटी भाषा मराठी असल्याचे लिहावे, एवढे पुरते. शेतकऱ्यांसाठी मराठीत लिहिलेल्या एखाद्या पुस्तिकेतून माहिती घेतली असेल तर तिचे ऋण यादीत दिसलेच पाहिजे.

अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन नीतीचा ३० तासांचा विषय सक्तीचा केला आहे. त्यातले निदान चार तास संगणकासमोर बसून, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संदर्भांवर काम करण्यात जावेत. आणि मौखिक परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी सूचीतले कोणतेही पाच संदर्भ निवडून त्यांचे मूळ लेख विद्यार्थ्याला तिथेच उघडायला सांगावेत. यासाठी नव्या परिपत्रकाची गरज नाही. वीस मिनिटे पुरतात. निवृत्तीनंतर मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांबरोबर बसतो, तेव्हा सुरुवात याच पाच संदर्भांनी करतो. गेल्या वेळी आलेल्या एका मुलाला पाचांपैकी दोनच सापडले. उरलेले तीन शोधायला तो पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली