कुसकुस आपल्या भाज्यांतही उत्तम होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भाज्या घातलेल्या कुसकुसाची, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या वळलेल्या बारीक दाण्यांची, पाककृती वाचली आणि त्याच आठवड्यात घरी करून पाहिली. साहित्यातील झुकिनी, ब्रोकोली, ऑलिव्ह आणि पार्सली यांपैकी काहीही वेंगुर्ल्याच्या बाजारात मिळाले नाही, म्हणून घरात होत्या त्या भाज्या घेतल्या. पाणी मात्र सांगितल्याप्रमाणे दुप्पट घालून दहा मिनिटे शिजवले आणि पातेल्यात अक्षरशः खिमट तयार झाले. महागाचे पाकीट आणून पदार्थ असा बिघडला की घरातील माणसे तो पुन्हा करू देत नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाजारात मिळणारा बारीक कुसकुस आधीच वाफवून वाळवलेला असतो. त्याला शिजवायचे नसते, फक्त फुलवायचे असते. एक वाटी कुसकुसाला चमचाभर तेल चोळून घ्यावे, त्यावर मीठ घातलेले एक वाटीच उकळते पाणी ओतावे, पाच मिनिटे घट्ट झाकून ठेवावे आणि मग काट्याने हलक्या हाताने मोकळा करावा. भाजीचा रस नंतर त्यात मुरणार असेल, तर पाणी दोन चमचे कमीच घ्यावे.

भाज्यांविषयी मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे. कुसकुस हे अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या देशांचे रोजचे अन्न आहे. या चौघांनी मिळून केलेल्या प्रस्तावावरून 2020 साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील बायका कठीण गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सी गव्हासारख्या गव्हाचा रवा खारट पाण्याचा हात लावून परातीत वळतात, चाळतात, आणि खाली भाजीचा रस्सा उकळत असताना वरच्या सच्छिद्र भांड्यात दोन-तीनदा वाफवतात. मोदकपात्र वापरणाऱ्या कोकणातील गृहिणीला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. मोरोक्कोतील सात भाज्यांच्या प्रसिद्ध कुसकुसात लाल भोपळा, गाजर, कोबी, सलगम आणि बरोबर काबुली चणे असतात. म्हणजे लाल भोपळा घालणे ही तडजोड नाही, ती मूळ देशाचीच चाल आहे, आणि तो भोपळा आपल्याकडे आठवडी बाजारात फोडी करून विकायला असतो.

मी दुसऱ्या खेपेला लाल भोपळा, फरसबी आणि ओले काजूगर घेतले. शेकड्यावर काजूगर विकणाऱ्या बाईंची बोटे चिकाने सोललेली होती. त्या कष्टाचा पदार्थ आपल्या हाताशी असताना बाटलीतल्या ऑलिव्हची वाट का पाहावी, हे मला खरोखरच कळत नाही. काजूगर गरम पाण्यात टाकून सोलले. तेलात जिरे, ठेचलेले आले, हळद, धणेपूड आणि दालचिनीचा लहान तुकडा परतून भाज्या वाफेवर शिजवल्या. जिरे, आले, हळद आणि दालचिनी तिकडच्या मसाल्यांतही असतात, आणि दालचिनी तर आपल्या नारळ-सुपारीच्या बागांतून होते. आंबटपणासाठी लिंबाऐवजी चार आमसुले घेतली, पण ती भाजीच्या रसातच घालावीत. कोकमाचे आगळ थेट कुसकुसावर ओतले तर दाणे लालसर होऊन एकमेकांना चिकटतात. शेवटी मोकळा केलेला कुसकुस भाजीत घालून फक्त खालीवर केला, वर कोथिंबीर आणि मूठभर ओले खोबरे पेरले. तळलेल्या बांगड्याशेजारी तो इतका रुचकर लागला की त्या दिवशी भाताची आठवण कोणाला झाली नाही. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर कुसकुस माशांबरोबर खातातच, तेव्हा ही जोडी समुद्राकाठच्या माणसाला मानवणारच.

आणखी एक गोष्ट पाककृतीत असायला हवी होती. कुसकुस दिसायला वरीसारखा असल्याने आमच्या शेजारी तो उपवासासाठी आणला गेला, आणि अनेकजण त्याला भरडधान्य समजतात. तो गव्हाचाच पदार्थ आहे; ज्यांना गव्हातील ग्लुटेन चालत नाही, त्यांनी तो खाऊ नये.

परदेशी पदार्थ पुरवणीत जरूर यावेत. मात्र प्रत्येक पाककृतीत, न मिळणाऱ्या जिनसाऐवजी आपल्या बाजारातील कोणता जिन्नस घ्यावा, हे त्याच जागी द्यावे: झुकिनीला दुधी किंवा कोवळे शिराळे, पार्सलीला कोथिंबीर. पाण्याच्या प्रमाणाची दुरुस्ती तरी येत्या रविवारीच छापावी, कारण ओल्या काजूगरांचा हंगाम आता फार दिवस राहिलेला नाही.

आपली,
एक वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग